शेवटची उतरवणी

गुरुवारी नानांचं चित्रसंग्रहालय लोकांसाठी उघडणार होतं, म्हणून आता भिंतीवरचं काहीही हलवायचं नाही, असं संचालिकाबाईंनी आधी पत्रानं, मग फोननं आणि शेवटी स्वतः घरी येऊन सांगितलं होतं. नानांनी तिन्ही वेळा मान डोलावली आणि सोमवारी सकाळी दहाला सगळ्यांना तिथंच बोलावलं. येताना वही आणा, एवढंच म्हणाले. वही म्हटल्यावर कुणी काही विचारलं नाही. उतरवणी होणार होती.

जुन्या घरात नानांनी मोजून बेचाळीस खिळे ठोकले होते. माणूस स्प्रिंगांच्या कारखान्याचा मालक. किती ताणायचं हे त्याच्या लेखी ठरलेलं असे. त्यापुढे ताणलं की स्प्रिंग उरत नाही, नुसती तार उरते. चित्रं घेण्याचा नाद लागला तेव्हा त्यांनी स्वतःलाच हा लगाम घातला. नवं चित्र आलं की जुनं एक उतरायचं. जेवणाच्या टेबलाभोवती सगळ्यांनी बसायचं, ज्याला वाटेल त्यानं एका चित्राचं नाव घ्यायचं, कारण द्यायचं, मग हात वर. समसमान झाले तर नाना सांगतील ते. ज्याचं म्हणणं मान्य होईल त्यानं ते चित्र स्वतःच्या हातांनी उतरवायचं, स्वतः उचलून न्यायचं, आणि मग ते त्याचं.

या खेळात तिन्ही मुलं वाढली आणि पुढे जी झाली ती त्यातूनच झाली, असं म्हणायला हरकत नाही. दादा नेहमी सर्वांत लहान चित्राचं नाव घ्यायचा, कारण उचलायला सोपं. तो दातांचा डॉक्टर झाला. अक्काला ज्याचे रंग नीट कळत नाहीत ते चित्र खुपायचं. तिनं छापखाना काढला. बापूनं उतरवून घेतलेली सात चित्रं आज सात वेगवेगळ्या लोकांच्या बैठकीत आहेत. बापू घरं विकून देतो, आणि घर विकताना भिंती रिकाम्या दिसू नयेत याची काळजी घेतो.

मोठी सून घरात आली त्याच्या दुसऱ्याच महिन्यात वही तिच्याकडे गेली. तिचं अक्षर चांगलं होतं. कोणतं चित्र, कधी, कुणी उतरवलं, कारण काय, हे ती लिहायची. लिहिणाऱ्यानं नाव घ्यायचं नाही असा नियम कुणी केला नव्हता. पण सव्वीस वर्षांत वहिनीनं एकदाही नाव घेतलं नव्हतं आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

नव्या इमारतीतही खिळे बेचाळीसच. वास्तुरचनाकारानं पन्नास चित्रांपर्यंत जागा काढून दाखवली होती, नानांनी आठ जागा खोडायला लावल्या. आणि गेल्या आठवड्यात, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, कुणालाही न विचारता त्यांनी एक करडं चित्र घेतलं. ते आता मोठ्या दालनात भिंतीला टेकून, पाहुण्यासारखं अवघडून उभं होतं. चार वाजता वकील कागद घेऊन येणार होते. सही झाली की भिंतीवरची बेचाळीस कायमची ट्रस्टची. मग ना खिळा निघणार, ना कुंचला लागणार. म्हणून ही उतरवणी शेवटची.

*

अक्का पावणेदहालाच आली होती. तिच्या बॅगेत कॅटलॉगच्या सहा प्रती होत्या आणि छापखान्यात तीन हजार. कॅटलॉग छापून झाल्यावर उतरवणी करणं हे फक्त तिच्या बापालाच सुचू शकतं, असं ती गाडीत बापूला म्हणाली होती. बापूनं लगेच सहानुभूती दाखवली. बापूची सहानुभूती कधीच फुकट नसते हे अक्काला पन्नास वर्षांत कळलं होतं, पण कानांना बरं वाटलं. शेवटी दोघांचं ठरलं ते असं: बापू तांबड्याचं नाव घेईल, अक्का हात वर करेल. तांबडं म्हणजे मोठ्या दालनातलं आठ फुटी चित्र. कॅटलॉगमध्ये ते अक्काच्या मनासारखं उतरलंच नव्हतं. चार वेळा प्रूफ काढून शेवटी टोमॅटोसारखंच दिसलं. ते गेलं तर तिची एक लाज झाकली जाणार होती.

दालनात नव्या लाकडी जमिनीचा वास होता. पावलं वाजत होती, त्यामुळे कुणी उभं राहिलं तरी दुसऱ्याला कळायचं. अक्का वळणावर आली तेव्हा तिला वहिनी दिसली. सतराव्या खिळ्यावरच्या चित्रापुढे, जमिनीवरच्या पांढऱ्या रेघेच्या आत. तिचा उजवा हात उचललेला होता, अंगठा चित्राच्या खालच्या कोपऱ्यापासून वीतभर.

"मॅडम," संचालिकाबाई लांबूनच म्हणाल्या, "प्लीज. रेघेच्या अलीकडे."

वहिनीनं हात खाली घेतला. शाळेत पकडलेल्या मुलीसारखी ती एक पाऊल मागे आली, आणि मग तिला काय वाटलं कोण जाणे, अजून एक पाऊल मागे गेली.

सतरावं तिचंच होतं. लग्नाआधी तिनं एकच प्रदर्शन केलं, त्यातलं. पिवळट मातकट रंगाचा मोठा पट्टा, डावीकडे गर्द हिरवी खिडकी म्हणा, दार म्हणा. उजव्या खालच्या कोपऱ्यात मात्र रंग पातळ होत जातो आणि कापडाचा पोत दिसायला लागतो. नानांनी ते प्रदर्शन उघडायच्या आधीच घेतलं आणि महिन्याभरात चित्रकार मुलीला मोठ्या मुलासाठी मागणी घातली. "चित्र आणि चित्रकार दोन्ही एका नजरेत ओळखली," ही गोष्ट नाना येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत आले होते. लग्नानंतर वहिनीनं चित्र काढलं नाही. का, हे विचारायची त्या घरात पद्धत नव्हती; वाळवी, दमट हवा, चौकटी, विमा हे सगळं ती बघायची आणि ते सगळं नीट चाललं होतं.

अक्का तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली. चित्राखाली नवं लेबल होतं.

"वाचलंत?" वहिनीनं विचारलं.

अक्कानं वाचलं. कोपरा कलावंतानं जाणीवपूर्वक मोकळा सोडला असून तिथं चित्र श्वास घेतं, असं लिहिलं होतं.

"छान आहे की."

"जाणीवपूर्वक," वहिनी म्हणाली आणि हसली. ते हसणं अक्काला आवडलं नाही. घरात कुणी पडलं-धडपडलं तर लोक असं हसतात.

*

साडेदहाला नाना आले. काठी आपटत त्यांनी तिन्ही दालनांची एक फेरी घातली, मग दुसरी घातली. खुर्ची आणली होती, तिच्यावर बसले नाहीत. दादा त्यांच्यामागून चालत होता, कारण नानांच्यानंतर ट्रस्टचा अध्यक्ष तो होणार होता आणि अध्यक्षानं कुठं चालायचं असतं हे त्याला अजून कळायचं होतं. बापू मात्र भिंतीच्या बाजूनं, चौकटींकडे न बघता दरवाज्यांकडे बघत चालला होता. आठ फुटी चित्र कोणत्या दारानं निघेल हे तो मनात मोजत होता. घर दाखवायला गेला की तो आधी कपाट कुठून आत येईल ते बघतो. सवय जात नाही.

बापूचं म्हणणं साधं होतं. भिंतीवर राहिलं तर तांबडं ट्रस्टचं, उतरलं तर त्याचं. त्याच्या एका गिऱ्हाइकाच्या नव्या दिवाणखान्यात अगदी आठच फुटांची भिंत उघडी पडली होती. यात वाईट काय आहे हे त्याला खरंच कळत नव्हतं. नानांनीच नियम केला, तो नियमानं खेळतोय. दादानं आजपर्यंत छोटी छोटी चित्रं नेऊन दवाखान्यात टांगली, ती बघत लोक दात काढून घेतात, त्याला कुणी काही बोलत नाही.

"बसा," नाना बाकांकडे काठी करून म्हणाले आणि स्वतः उभे राहिले. "दादा."

दादानं तीन काळ्या रेघांच्या एका चित्राचं नाव घेतलं. कारण म्हणून सांगितलं की ते लहान आहे, लोकांच्या नजरेतून निसटेल. त्याच्या बाजूनं त्याचा एकट्याचाच हात वर झाला.

"बापू."

बापूनं तांबडं म्हटलं. कारण त्यानं पाठ केलं होतं: त्या एका चित्रामुळे शेजारची चार मरतात. वाक्य बरं होतं. संचालिकाबाईंनीही क्षणभर तिकडे पाहिलं. अक्का हात वर करणार, तेवढ्यात मागच्या बाजूचा पहारेकरी आत आला आणि दबक्या आवाजात कुणाला विचारावं हे न कळून सगळ्यांनाच विचारता झाला.

"मागं ट्रक आलाय. मोठं लाल चित्र न्यायचं म्हणतोय. आत घेऊ का?"

 जमिनीवर नानांची काठी एकदा वाजली.

अक्कानं अर्धा उचललेला हात केसांवरून फिरवला आणि खाली ठेवला. "ट्रकसुद्धा सांगून ठेवलास," ती म्हणाली. "मला काय रे, हमाल म्हणून धरलं होतंस?"

बापूनं समजावून पाहिलं. ट्रक रिकामाही परत जाऊ शकतो, तयारी असावी म्हणून बोलावला, तिचंच तर काम होणार होतं. अक्का ऐकत नव्हती. तिला तांबड्याचं काही वाटत नव्हतं. आपण बापूला ओळखतो या तिच्या खात्रीला धक्का बसला होता आणि तो तिला जास्त लागला. आपण नाव घेणार नाही, कुणाला हातही देणार नाही, असं तिनं जाहीर केलं. दादा मध्ये पडला, त्यानं दोघांना लहानपणीच्या कुठल्याशा उतरवणीची आठवण करून दिली, आणि ती आठवण नेमकी अशी निघाली की जिच्यात अक्का रडली होती. मग तिघेही एकदम बोलायला लागले. संचालिकाबाईंनी घड्याळ पाहिलं.

"झालं?" नाना म्हणाले. "दोन नावं, दोन हात. पुढं?"

"मी घेते," वहिनी म्हणाली.

वही तिच्या मांडीवर उघडी होती. तिनं पेनाला टोपण लावलं.

"सतरावं."

*

दादाला आधी वाटलं की तिला आकडा चुकला. मग वाटलं, कुटुंबातलं भांडण मिटावं म्हणून ती स्वतःचं देऊ करतेय. तिचा स्वभाव तसा आहे, असं त्याला सव्वीस वर्षं वाटत आलं होतं. तो घाईघाईनं म्हणाला की असं करायची काही गरज नाही, तिचं चित्र या सगळ्या मोठ्या नावांमध्ये आहे ही घराची शान आहे, त्यानं दवाखान्यात सगळ्यांना सांगितलंय.

"मी शान काढून घेत नाहीये," वहिनी म्हणाली. "चित्र मागतेय."

"कारण," नाना म्हणाले. ते आता पहिल्यांदाच खुर्चीवर बसले.

"पुरं झालेलं नाही."

"मी घेतलं तेव्हा झालं होतं."

"तुम्ही घेतलंत तेव्हा ओलं होतं, नाना."

संचालिकाबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. लेबल त्यांनी लिहिलं होतं. वहिनी त्यांच्याकडे वळून सांगू लागली, आवाज न चढवता, चौकटीचं मोजमाप सांगावं तसं. कोपरा मोकळा सोडलेला नाही. कोपरा राहिलाय. दुपारी तो करायचा होता, रंग कालवून ठेवला होता. नाना दुपारी आले, म्हणाले आता हात लावू नकोस, झालंय. ती तेवीस वर्षांची होती, तिचं पहिलं चित्र जात होतं, ती झालंय म्हणाली. मग ते चित्र त्या घरात गेलं आणि मागोमाग ती गेली. जेवणाच्या टेबलाशी तिची खुर्ची नेमकी त्या कोपऱ्यासमोर होती.

"सव्वीस वर्षं मी त्याच्याकडे बघत जेवतेय," ती म्हणाली. "नवं काढायला बसले की तो मध्ये येतो. आज चारनंतर त्याला कुणालाच हात लावता येणार नाही. मलाही नाही."

"आणि घरी नेऊन काय करशील?" दादानं विचारलं.

"पुरं करीन."

"बिघडलं तर?"

"तर बिघडेल. माझ्याकडून बिघडेल."

दादानं हात वर केला नाही. त्याला ते चित्र हवं होतं, जिथं होतं तिथं. त्याच्या आयुष्यात निश्चित अशा फार गोष्टी नव्हत्या आणि हिरव्या खिडकीचं ते चित्र त्यातली एक होती. बापूनंही हात वर केला नाही. तो अजून अक्कावर रागावला होता आणि अक्का ज्या बाजूला जाईल त्याच्या विरुद्ध जायचं त्यानं ठरवलं होतं. अक्का त्या बाजूला गेली. आताच घेतलेली शपथ मोडून तिनं कोपरापासून ताठ हात वर केला.

"कॅटलॉगमध्ये पान एकतीसवर आहे ते," संचालिकाबाई हळूच म्हणाल्या.

"शुद्धिपत्र चिकटवू," अक्का म्हणाली. "तीन हजार. मी स्वतः बसते चिकटवायला."

दोन आणि दोन. सगळे नानांकडे बघायला लागले.

*

नाना उठले आणि सतराव्यापुढे जाऊन उभे राहिले. रेघेच्या आत. त्यांना कुणी अडवलं नाही.

चष्मा काढून त्यांनी कोपरा जवळून पाहिला. सांगायचं तर आज पहिल्यांदाच पाहिला. इतकी वर्षं ते चित्र त्यांनी लोकांना दाखवलं होतं. बघायची वेळ आली नव्हती. ही अख्खी इमारत त्यांच्या नजरेवर उभी होती, वर्तमानपत्रांतून तसंच छापून येत होतं आणि गुरुवारी भाषणातही तेच येणार होतं. त्या नजरेचा सर्वांत मोठा पुरावा हे सतरावं. पण त्या दुपारची एक गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. पत्नी हयात असताना तिलासुद्धा नाही आणि ती गेल्यावर तिच्या फोटोलाही नाही. गावातला दुसरा एक संग्राहक, कापसाचा व्यापारी, त्याच दिवशी पाच वाजता प्रदर्शन बघायला येणार होता. नानांना हे तीन वाजता कळलं. सव्वातीनला ते तिथं होते. चित्र झालंय की नाही हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. दार पाहिलं होतं, पाच वाजता जो येईल त्याचं.

आणि मुलीची मागणीही, खरं तर, त्याच घाईतली. हिचं पुढचं चित्र दुसऱ्याकडे जाऊ नये. पुढचं चित्र कुणाकडेच गेलं नाही.

ते परत आले. त्यांच्या पायांना अजून एक फेरी मारायची होती, ते कळत होतं. काठी दोनदा पुढे सरकली आणि थांबली.

"वही दे, सूनबाई."

"मी लिहिते की."

"स्वतःची उतरवणी स्वतः कोणी लिहितं का? दे."

वही मांडीवर घेऊन ते बराच वेळ आधीची पानं उलटत बसले. सव्वीस वर्षांचं एकच अक्षर. तारीख, चित्र, कुणी उतरवलं. मग नव्या ओळीवर त्यांनी सतरा लिहिलं आणि सुनेचं नाव लिहिलं. कारणाच्या रकान्यापाशी हात थांबला.

"काय लिहू? मी चुकलो?"

"नको," वहिनी म्हणाली. "ज्यानं-त्यानं आपलं लिहावं. माझं अपुरं आहे एवढं लिहा."

नानांनी ते लिहिलं नाही. त्यांनी दोन शब्द लिहिले, खाली सही केली आणि वही मिटून अक्काकडे दिली. अक्कानं उघडून पाहिली. रकान्यात होतं: घाई झाली.

कुणाची, ते त्यांनी लिहिलं नव्हतं. अक्कानं वही बापूला दाखवली, बापूनं दादाला. दादानं ते दोन शब्द गरजेपेक्षा जास्त वेळ वाचले.

*

संचालिकाबाईंनी हातमोजे पुढे केले. वहिनीनं घेतले नाहीत. तिनं चौकट दोन्ही बाजूंनी धरली, खिळ्यावरून उचलली आणि तोल सावरायला क्षणभर चित्र छातीशी धरून उभी राहिली. मदत करायची नाही असा नियम. बापू नियमाच्या मागेपुढे चालत होता आणि ट्रक उभाच आहे, रिकामाच जाणार, न्यायचं तर फुकट नेतो, असं सांगत होता. अक्का म्हणाली, तुझा ट्रक तुझ्या दिवाणखान्यात लाव. पण म्हणताना हसली, त्यामुळे बापूचा राग निम्मा उतरला आणि उरलेला निम्मा तो संध्याकाळपर्यंत पुरवून वापरणार होता.

मागे दालनात करड्या चित्राला सतरा नंबरच्या खिळ्यावर चढवत होते. नाना खुर्ची सोडून तिथं उभे होते आणि जरा डावीकडे, जरा उजवीकडे करत होते.

दारं उघडायला मनाई नव्हती. म्हणून दादा पुढे होऊन एकेक दार उघडत गेला. चार दारं होती. चौथ्यापाशी तो ते धरून उभा राहिला, बाजूला झाला नाही.

"घाई चित्राचीच ना?" त्यानं विचारलं.

चित्राच्या वरच्या कडेवरून वहिनीचे फक्त डोळे दिसत होते.

"आधी कोपरा होऊ दे," ती म्हणाली. "मग बघू."

हे उत्तर दादाला आवडलं की नाही ते त्याला कळलं नाही. तो बाजूला झाला. गाडीचं मागचं दार त्यानं उघडलं, तिनं चित्र सीटवर आडवं ठेवलं आणि पुढे न बसता चित्राशेजारी, अंग चोरून, उरलेल्या वीतभर जागेत बसली. दादा बराच वेळ गाडी सुरू न करता आरशात बघत राहिला.

वहिनीनं उजव्या हाताचा अंगठा पदराला पुसला आणि कोपऱ्यावर टेकवला. जरा दाबला. मग अंगठा उचलून खिडकीच्या उजेडात धरून पाहिला.

वाळलं होतं.